केशवराव भोसले : गायक नट आणि नव्या नाटककाराचा आश्रय

: १ :

मराठी संगीत नाटकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे दोन वाटा असतात. एक वाट नाटककारांच्या अनुक्रमाने जाते आणि किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी, वरेरकर असे टप्पे घेत पुढे सरकते. दुसरी वाट गायक नटांच्या अनुक्रमाने जाते व भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांच्यापर्यंत येऊन पोहोचते. पहिल्या वाटेने जाणारा वाङ्मयेतिहासकार असतो, तर दुसऱ्या वाटेने जाणारा बहुधा संगीताचा चाहता. या दोघांची गाठ क्वचितच पडते, आणि पडलीच तर ती एका जुन्या तक्रारीच्या निमित्ताने. गाण्याने नाटक गिळले, नटाच्या गळ्यासाठी लेखकाची लेखणी राबली आणि पदांच्या भाराखाली संवाद गुदमरले, असा या तक्रारीचा आशय असतो. तक्रार निराधार नाही. रात्रभर चालणारे प्रयोग, एकेका पदाला मिळणारे वन्समोर, कथानक जागच्या जागी थांबवून रंगविलेल्या मैफली यांच्या हकिकती त्या काळच्या आठवणींतून विपुल आढळतात.

तथापि या तक्रारीने एक गोष्ट झाकली जाते. नव्या विषयाचे नाटक रंगभूमीवर आणण्यास पैसा लागतो, प्रेक्षक लागतो आणि अपयश पचविण्याची तयारी असलेला मालक लागतो. १९०८ ते १९२१ या कालखंडात हे तिन्ही ज्या गायक नटाच्या बळावर मराठी नाट्यलेखनाला लाभले, तो म्हणजे केशवराव विठ्ठल भोसले. संगीतसूर्य या लोकमान्य बिरुदाने त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या तानेविषयी, तडफेविषयी बोलले जाते. परंतु त्यांनी कोणाकोणाची नाटके रंगभूमीवर आणली, हा प्रश्न त्यांच्या गाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. अवघ्या एकतीस वर्षांच्या त्या आयुष्याचा खरा अर्थ या प्रश्नाच्या उत्तरातून उलगडतो.

: २ :

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विठ्ठलराव वैद्यकी करीत. मुले लहान असतानाच त्यांचे निधन झाले आणि घराचे वासे फिरले. विधवा आई, पदरी मुले आणि मिळकतीचे साधन काही नाही, अशा अवस्थेत त्या काळच्या गरीब कुटुंबांपुढे जे थोडे मार्ग असत त्यांपैकी एक म्हणजे गोड गळ्याचा मुलगा नाटक कंपनीत देणे. कंपनी मुलाला दोन वेळचे जेवण देई, अंगावर कपडा देई, गाणे शिकवी. त्या मोबदल्यात मुलाचे बालपण आणि त्याचा गळा कंपनीच्या मालकीचा होई. शाळा सुटे, ती बहुधा कायमची. केशव या मुलाच्या बाबतीत हेच घडले. जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत तो अगदी लहान वयात दाखल झाला.

त्या काळी नाटक कंपनी हे एक फिरते बिऱ्हाड असे. पडदे, पेट्या, पायपेटी, दागिन्यांचे डबे, स्वयंपाकाची भांडी आणि पाच-पन्नास माणसे घेऊन ते एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलवीत असे. पहाटे मुलांना गायनाची तालीम, दुपारी भूमिकेची तालीम आणि रात्री प्रयोग, असा दिनक्रम. वाचता-लिहिता येण्यापूर्वीच मुलाच्या तोंडी शेकडो पदे आणि पानेच्या पाने संवाद बसत. भाषा त्याच्यापर्यंत पुस्तकातून येत नसे. ती कानातून येई आणि गळ्यात रुजे. केशवरावांचे शिक्षण ते हेच. पुढे ज्या वाङ्मयीन जाणतेपणाने त्यांनी नाटकांची निवड केली, त्याचे मूळ या श्रुत शिक्षणात होते, हे ध्यानात ठेवावे लागते.

गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' किर्लोस्कर मंडळीने १८९९ मध्ये रंगभूमीवर आणले. जरठ-कुमारी विवाहाचा अनाचार हा त्या नाटकाचा विषय. पुराणातल्या राजाराणींना बाजूला सारून एका गरीब ब्राह्मणाच्या मुलीला नायिका करणारे हे मराठीतील पहिले महत्त्वाचे संगीत नाटक होय. स्वदेश हितचिंतक मंडळीने तेच नाटक उभे केले आणि त्यात शारदेची भूमिका बालवयातील केशवाकडे आली. या भूमिकेने त्याचे नाव एकाएकी सर्वतोमुखी झाले. त्याच्या तोंडची पदे प्रेक्षक पुनःपुन्हा म्हणावयास लावीत. किर्लोस्कर मंडळीच्या मातब्बर प्रयोगाशी दुसऱ्या एका कंपनीचा प्रयोग तोलला जावा, हे या मुलाच्या गळ्यामुळे शक्य झाले.

या यशात एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. शारदा ही बापाच्या द्रव्यलोभापायी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी. तिच्या बाबतीतला सौदा तिला विचारून होत नाही. ती भूमिका करणारा मुलगाही दारिद्र्यापायी कंपनीच्या हवाली झालेला होता, आणि त्यालाही कोणी विचारले नव्हते. या साम्याचे भान त्या वयात त्याला असण्याचे कारण नाही. परंतु सामाजिक अन्यायाचे नाटक लोक मन लावून पाहतात, त्यावर रडतात आणि त्यासाठी तिकीट काढून येतात, हा धडा केशवराव आयुष्याच्या आरंभीच शिकले. पुढे कंपनीचे मालक झाल्यावर त्यांनी तो सोडला नाही.

: ३ :

वाढत्या वयाबरोबर मालक आणि नट यांच्यात ताण येणे हे नाटक कंपन्यांच्या जीवनातील नित्याचेच होते. प्रेक्षक कोणासाठी येतात हे नटाला कळत असते आणि गल्ला कोणाच्या हाती जातो हेही त्याला दिसत असते. स्वदेश हितचिंतक मंडळीतून केशवराव बाहेर पडले आणि १ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी हुबळी येथे 'ललितकलादर्श' या नाटक मंडळीची स्थापना केली. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष चालू होते.

ही स्थापना हुबळीस व्हावी यात आज अनेकांना नवल वाटेल. तेव्हाच्या माणसाला ते वाटण्याचे कारण नव्हते. हुबळी त्या काळी मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात होती. कापसाची मोठी पेठ आणि सदर्न मराठा रेल्वेचे महत्त्वाचे ठाणे असे तिचे दुहेरी महत्त्व होते. बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग या पट्ट्यात मराठी नाटकांना जाणता प्रेक्षक लाभत असे आणि त्यात मराठी व कानडी असा भेद तिकिटाच्या खिडकीवर केला जात नसे. रंगभूमीपुरती तरी ही भाषेची सीमा फार पूर्वीपासून झिरपती होती. विष्णुदास भावे यांनी सांगली येथे १८४३ मध्ये पहिला खेळ उभा केला, त्यामागे आदल्या वर्षी तेथे आलेल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचा कानडी खेळ होता. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म बेळगावकडील गुर्लहोसूरचा. उलट दिशेनेही देवघेव झाली. मराठी कंपन्यांच्या वाढत्या पगड्याला उत्तर म्हणून सक्करी बाळाचार्य ऊर्फ शांतकवी यांनी गदग येथे कानडी नाटक मंडळी उभी केली, आणि आधुनिक कानडी रंगभूमीचा तो एक आरंभ मानला जातो. म्हैसूर संस्थानात ए. व्ही. वरदाचार्य (१८६९–१९२६) या गायक नटाने कानडी प्रेक्षकांवर जी मोहिनी घातली, ती केशवरावांच्या कामगिरीशी समकालीन आहे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व (१८८६–१९५२), हे कानडी घरातून येऊन मराठी रंगभूमीवर नायिका म्हणून उभे राहिले.

या पार्श्वभूमीवर पाहता एका कोल्हापूरकर तरुणाने हुबळीत कंपनी काढावी ही अपवादात्मक घटना ठरत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रस्थापित कंपन्यांच्या छायेपासून दूर, स्वतःचे बस्तान बसविण्यास तो मुलूख सोयीचा होता. मराठी नाट्यसृष्टीतील एका मोठ्या संस्थेचा जन्म आजच्या महाराष्ट्राच्या बाहेर, द्विभाषिक प्रदेशात झाला ही गोष्ट मात्र भारतीय साहित्यांचा तौलनिक विचार करणाऱ्यांनी नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

आणखी एक बाब येथे सांगितली पाहिजे. त्या काळच्या नामवंत संगीत नाटक मंडळ्यांचे चालक आणि प्रमुख नट बहुतांशी ब्राह्मण समाजातले होते. केशवराव मराठा कुटुंबातले. औपचारिक शिक्षण नाही, पाठीशी भांडवल नाही आणि ज्या वर्गातून नाट्यसृष्टीचे पुढारीपण येई त्या वर्गाशी नाते नाही, अशा तिहेरी उणिवेवर मात करून एका अठरा वर्षांच्या नटाने मालकी मिळवावी, हे साधे साहस नव्हते. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांची या गुणी नटावर कृपादृष्टी होती. परंतु कंपनी चालली ती मुख्यतः त्याच्या स्वतःच्या गळ्यावर.

: ४ :

कंपनी स्थिर झाल्यावर मालकापुढे सोपा मार्ग होता. 'सौभद्र', 'मृच्छकटिक', 'शारदा' ही नाटके त्याच्या हाती होती आणि प्रेक्षक त्याच नाटकांना पुनःपुन्हा येत होते. जुन्या नाटकांवर जन्मभर निर्वाह केलेल्या कंपन्या त्या काळी थोड्या नव्हत्या. केशवरावांनी जुनी नाटके सोडली नाहीत. त्यांच्या उत्पन्नावर त्यांनी नवी नाटके जगविली. ललितकलादर्शची त्या तेरा वर्षांतील नवी नाटके कोणाची, हे पाहू गेल्यास मोठी उद्बोधक माहिती हाती येते.

१९१२ मध्ये ललितकलादर्शने 'संगीत दामिनी' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याच्या लेखिका हिराबाई पेडणेकर (१८८६–१९५१). मराठीतील आद्य स्त्री-नाटककार म्हणून आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्या काळी मात्र कलावंतीण समाजात जन्मल्यामुळे त्यांच्या विद्वत्तेला आणि काव्यशक्तीला प्रतिष्ठित वर्तुळात सहजासहजी स्थान नव्हते. अनेक नामवंत साहित्यिक त्यांच्या घरी येत, त्यांच्याशी काव्यशास्त्रविनोद करीत, त्यांचे गाणे ऐकत. पण त्यांचे नाटक घेऊन ते लोकांपुढे उभे करण्याचे काम केशवरावांच्या कंपनीने केले. स्त्रीने नाटकात काम करणेही जेथे निषिद्ध होते, तेथे स्त्रीने लिहिलेले नाटक एका नामांकित कंपनीने करावे आणि स्त्रीभूमिकेसाठी गाजलेल्या नटाने त्याला आपले नाव द्यावे, या घटनेचे मोल मराठी वाङ्मयेतिहासाने पुरते केलेले नाही. 'दामिनी' दीर्घकाळ टिकले नाही. तथापि एखादे नाटक किती रात्री चालले यावरून ते करण्यामागची दृष्टी जोखता येत नाही.

त्यानंतर १९१३-१४ च्या सुमारास वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक आले. वामनराव अमरावतीचे, राष्ट्रीय चळवळीत भाजून निघालेले लढवय्ये पत्रकार. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याची तलवार तेव्हा प्रत्येक कंपनीच्या डोक्यावर टांगलेली असे. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली आलेली बंदी ताजी होती. अशा वेळी राजकीय वासाच्या लेखकाचे पहिलेवहिले नाटक घेणे म्हणजे पदरचे पैसे आणि कंपनीचा परवाना दोन्ही पणाला लावणे होते. या नाटकात केशवरावांनी मृणालिनी साकारली. सोशिक नायिकांच्या परंपरेत ही तेजस्वी, झुंजार नायिका वेगळी उठून दिसली आणि नाटकाने अफाट लोकप्रियता मिळविली.

तिसरे नाव भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर (१८८३–१९६४) यांचे. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या या कोकणी माणसाची लेखणी तिखट होती आणि दृष्टी सुधारकी. 'हाच मुलाचा बाप' हे त्यांचे नाटक १९१६-१७ मध्ये ललितकलादर्शने केले. हुंडा हा त्याचा विषय. मुलाच्या बापाचा ताठा आणि मुलीच्या बापाची लाचारी हे घराघरातले दृश्य त्यात जसेच्या तसे रंगभूमीवर आले. प्रेक्षागृहात बसलेल्या अनेकांनी स्वतः हुंडा घेतलेला किंवा दिलेला असणार. त्यांना त्यांच्याच पैशाने आरशापुढे बसविणारे हे नाटक होते. १९१९-२० च्या सुमारास वरेरकरांचे 'संन्याशाचा संसार' आले. धर्मांतर आणि परावर्तन या नाजूक प्रश्नाला त्यात हात घातला होता. १९२१ मध्ये य. ना. टिपणीस यांचे 'शहा शिवाजी' हे ऐतिहासिक नाटक कंपनीने केले.

कलावंतीण समाजातली स्त्री, तुरुंगाची भीती न बाळगणारा पत्रकार, टपाल खात्यातला कारकून, हे ललितकलादर्शचे लेखक होत. किर्लोस्कर आणि पुढे गंधर्व मंडळी यांच्याकडे देवल, कोल्हटकर, खाडिलकर यांच्यासारखे मान्यवर नाटककार बांधलेले होते. नव्या कंपनीला नवे लेखक शोधणे भाग होते, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेही आहे. गरजेपोटी मनुष्य नव्याकडे वळतो. परंतु गरजेपोटी वळलेल्या कित्येकांनी पौराणिक नाटकांच्या नकला लिहवून घेतल्या, आणि केशवरावांनी तसे केले नाही. ज्यांना प्रस्थापित रंगमंचाचे दार सहजी उघडत नव्हते, त्यांना त्यांनी आत घेतले. दाराबाहेर उभे राहण्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

: ५ :

या साऱ्याला आधार होता तो त्यांच्या गायनाचा. केशवरावांच्या गायनाविषयी आज जे मत बनवावयाचे ते प्रामुख्याने समकालीनांच्या आठवणींवरून बनवावे लागते, आणि त्या आठवणींत काही गोष्टींवर एकमत आढळते. आवाज उंच, धारदार आणि पल्लेदार होता. तान वेगवान, दाणेदार आणि आक्रमक असे. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ, भावाला कुरवाळीत जाणारे. केशवरावांचे गाणे प्रेक्षकाला जागेवरून उठविणारे. एकाची तुलना चांदण्याशी आणि दुसऱ्याची सूर्याशी केली जाई. संगीतसूर्य हे बिरुद याच जाणिवेतून जनमानसात रुजले असावे.

निसर्गदत्त गळ्यावर ते विसंबून राहिले नाहीत. ग्वाल्हेर परंपरेचे तडफदार गवई रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. वझेबुवांचा ललितकलादर्शशी जडलेला संबंध दोन्ही बाजूंना फलदायी ठरला. कंपनीच्या नव्या नाटकांतील पदांना बुवांच्या चालींचा लाभ झाला. अनवट रागांच्या, पेचदार बंदिशींच्या वळणाने जाणाऱ्या या चाली गोविंदराव टेंबे यांच्या सुबक, ठुमरीच्या अंगाने जाणाऱ्या चालींहून निराळ्या होत्या. नाट्यसंगीताला एकच मुखडा नव्हता, हे यावरून लक्षात येते. पुढे मास्टर दीनानाथांच्या गायकीत जी निर्भय झेप दिसते, तिचा विचार करताना वझेबुवांच्या तालमीबरोबर केशवरावांनी रंगभूमीवर रुजविलेल्या या रुचीचाही विचार करावा लागतो.

नट म्हणून त्यांच्या प्रवासातला महत्त्वाचा टप्पा म्हणजे स्त्रीभूमिकेकडून पुरुषभूमिकेकडे झालेले संक्रमण. शारदा, वसंतसेना, मृणालिनी या नायिकांनी त्यांना नाव दिले होते. स्त्रीपार्टी नटाचे वैभव अल्पायुषी असते. आवाज फुटतो, देह थोराड होतो आणि प्रेक्षकांची माया आटते. अनेकांनी वय झाल्यावरही स्त्रीवेष सोडला नाही, कारण तो सोडल्यास आपण कोण उरतो हा प्रश्न त्यांना भिववीत असे. केशवरावांनी ऐन बहरात पुरुषभूमिका घेण्यास सुरुवात केली आणि नायिकांच्या भूमिका बापूराव पेंढारकरांसारख्या तरुण सहकाऱ्यांकडे दिल्या. मालकानेच सर्वांत झगमगती भूमिका दुसऱ्याला द्यावी, हा कंपन्यांच्या जगातला नेहमीचा व्यवहार नव्हे. कंपनी आपल्या एकट्याच्या देहावर उभी राहू नये, एवढी दूरदृष्टी त्यामागे निश्चित दिसते. ती दृष्टी किती लवकर कसोटीला लागणार होती, याची मात्र त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती.

: ६ :

१९२१ चे वर्ष उजाडले तेव्हा लोकमान्य टिळकांच्या मृत्यूला काही महिने झाले होते आणि असहकाराची चळवळ देशभर पसरत होती. टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प महात्मा गांधींच्या प्रेरणेने काँग्रेसने सोडला होता. या फंडाच्या साहाय्यार्थ गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांनी मिळून एक प्रयोग करावा, अशी कल्पना पुढे आली. नाटक ठरले खाडिलकरांचे 'मानापमान'.

हे ठरणे वरवर दिसते तितके सोपे नव्हते. दोन्ही कंपन्या प्रतिस्पर्धी होत्या. प्रेक्षकांत बालगंधर्वांचा पक्ष आणि केशवरावांचा पक्ष असे तट पडलेले होते. 'मानापमान' १९११ मध्ये प्रथम रंगभूमीवर आले तेव्हापासून भामिनी ही बालगंधर्वांची हुकमी भूमिका होती, त्यातली पदे त्यांच्या गळ्यावर बेतलेली होती, आणि नाटकाचे वळण संपूर्णपणे गंधर्व मंडळीच्या घरचे होते. केशवरावांनी धैर्यधराची भूमिका करावयाची होती, ती प्रतिस्पर्ध्याच्या नाटकात, प्रतिस्पर्ध्याच्या नायिकेसमोर आणि तुलना करण्यासाठीच आलेल्या प्रेक्षकांपुढे. तोल गेला असता तर दहा-पंधरा वर्षांची कीर्ती एका रात्रीत पणाला लागली असती. गमावण्यासारखे त्यांच्यापाशी अधिक होते, तरी त्यांनी होकार दिला.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरात हा संयुक्त 'मानापमाना'चा प्रयोग झाला. तिकिटांचे दर नेहमीच्या कित्येक पटींनी ठेवले होते आणि तरीही प्रेक्षागृहात शिरण्यास जागा मिळेना. श्रीमंतीच्या तोऱ्यात गरीब वीराला हिणविणारी आणि अखेरीस त्याच्या पराक्रमापुढे नम्र होणारी भामिनी बालगंधर्वांनी केली, आणि पैशाला तुच्छ लेखणारा धैर्यधर केशवरावांनी. परक्याच्या नाटकात त्यांनी आपल्या धाटणीची पदे गायिली आणि ती त्या भूमिकेत बेमालूम मिसळून गेली. मुख्य म्हणजे दोघांनी एकमेकांवर कुरघोडी न करता एकमेकांना उठाव दिला, असे तो प्रयोग पाहिलेल्यांच्या आठवणी सांगतात. कोण जिंकले याची चर्चा पुढे पन्नास वर्षे चालली. तिचा निकाल लागला नाही, आणि तो न लागणे हेच त्या रात्रीचे यश होय. पाठोपाठ 'सौभद्रा'चाही संयुक्त प्रयोग झाला.

मराठी नाट्येतिहासात या घटनेला जवळजवळ दंतकथेचे रूप आले आहे. दंतकथा बाजूला ठेवूनही तिचा अर्थ उरतोच. ज्या रंगभूमीवर गायन हे विलास आणि करमणूक म्हणून हिणविले जाई, तिने राष्ट्रीय कार्यासाठी आपली अंतर्गत स्पर्धा एका रात्रीपुरती तरी बाजूला ठेवली. आणि दारिद्र्यापायी कंपनीच्या दारात सोडलेला एक मुलगा, वयाच्या तिसाव्या वर्षी, मराठी रंगभूमीच्या सर्वांत लाडक्या नटाच्या बरोबरीने, समान मानाने उभा राहिला.

: ७ :

त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. केशवरावांना विषमज्वराने गाठले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. एकतिसावे वर्ष पुरे होऊन दोन महिने झाले नव्हते.

मालक-नटाच्या मृत्यूबरोबर कंपनी मोडणे हा त्या काळचा जणू नियमच होता. पडदे विकले जात, दागिने सावकाराकडे जात आणि नट पांगत. ललितकलादर्शच्या बाबतीत तसे घडले नाही. बापूराव पेंढारकरांनी (१८९२–१९३७) कंपनीची धुरा उचलली आणि पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले. असहकार, खादी, वकिलीच्या धंद्यातला अप्रामाणिकपणा हे त्या नाटकाचे विषय होते. 'तुरुंगाच्या दारात' हे अस्पृश्यतेवरील वरेरकरांचे नाटकही पाठोपाठ आले. गायक मालक गेला तरी त्याने जोडलेला लेखक राहिला, त्याने तयार केलेला नट राहिला आणि सामाजिक नाटक करण्याची त्याने घालून दिलेली रीतही राहिली. बापूरावांच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर (१९२१–२०१५) यांनी १९४२ मध्ये संस्था पुन्हा उभी केली. बाळ कोल्हटकरांचे 'दुरितांचे तिमिर जावो' (१९५७) आणि विद्याधर गोखल्यांचे 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) ही नाटके त्याच संस्थेने दिली. हुबळीत लावलेले रोप अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फळ देत राहिले.

गायकाचे स्मारक कशाचे करावे, हा एक कठीण प्रश्न आहे. बंगळूर शहरात मल्लेश्वरमच्या परिसरात १९८० साली टी. चौडय्या यांच्या नावे व्हायोलिनच्या आकाराचे सभागृह उभे राहिले. तेथे वास्तूच वादकाच्या वाद्याचे रूप घेऊन उभी आहे. केशवरावांच्या वाट्याला आले ते कोल्हापूरचे नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेल्या या वास्तूला पुढे केशवराव भोसले नाट्यगृह असे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली आणि आतला रंगमंच, छप्पर, खुर्च्या जळून गेल्या. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरचे रंगकर्मी जळालेल्या भिंतींपाशी गोळा झाले, अनेकांना अश्रू आवरले नाहीत, आणि वास्तू पूर्वीसारखीच पुन्हा बांधावी ही मागणी त्याच जागेवरून झाली. शासनाने पुनर्बांधणी हाती घेतली.

वास्तू पुन्हा बांधता येते. आवाज पुन्हा बांधता येत नाही. परंतु केशवरावांचे जे तिसऱ्या प्रकारचे संचित आहे ते आगीच्या आणि काळाच्याही तावडीतून सुटलेले आहे. 'दामिनी'ची लेखिका, 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'चा कर्ता आणि 'हाच मुलाचा बाप'चा नाटककार यांना ज्या क्षणी रंगमंच मिळाला, त्या क्षणी मराठी नाटकाच्या विषयांची कक्षा रुंदावली, आणि ती पुन्हा आकुंचित झाली नाही. गाण्याने नाटक गिळले ही तक्रार करणाऱ्यांनी या एका गायकाचा जमाखर्च तपासून पाहावा. त्याने गाण्यावर मिळविलेला पैसा आणि प्रेक्षक दोन्ही नाटककाराच्या पदरात टाकले. साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नाटककारांच्या नामावळीशेजारी अशा नटांची नावे लिहिली पाहिजेत; त्या नामावळीत केशवराव भोसले यांचे नाव पहिल्या ओळीत येईल.